आरएनए हेअरपिन आणि तापमान: 'वितळणं' ही एका अंशाची गोष्ट नाही

आरएनएचा धागा स्वतःवर दुमडून केसांच्या चिमट्यासारखी जी घडी होते ती हेअरपिन. एखाद्या आरएनए हेअरपिनचं वितळण तापमान ६० अंश आहे असं वाचलं की डोळ्यांसमोर बर्फ येतो: एक अंश खाली घट्ट, एक अंश वर पाणी. हेअरपिनचं तसं नसतं. ६० अंश म्हणजे एवढंच, की त्या तापमानाला नळीतल्या रेणूंपैकी कोणत्याही क्षणी निम्मे मिटलेले असतात आणि निम्मे उघडे. ते निम्मे कोणते, हे दर काही मायक्रोसेकंदांनी बदलत राहतं. ५० अंशांनाही थोडे रेणू उघडे सापडतात, ७० अंशांनाही थोडे मिटलेले. शिवाय मिटलेले म्हणून ज्यांची गणती होते, तेही स्वस्थ बसलेले नसतात. तापमानाने रचना कशी बदलते आणि हालचाल कशी बदलते, हे सहसा दोन वेगळे धडे म्हणून शिकवतात. खरं तर दोन्हीकडे आपण तेच पाहत असतो, फक्त घड्याळ वेगळं. (या लेखातले सगळे अंश सेल्सिअस आहेत.)

दांडा, लूप आणि बेसची चवड

आरएनए हा एकेरी धागा. कणा रायबोज साखर आणि फॉस्फेटचा, त्यावर ए, यू, जी, सी हे चार बेस. धागा स्वतःवर दुमडला आणि दुमडीच्या दोन्ही अंगांचे बेस एकमेकांना पूरक निघाले की जोड्या जमतात. जी-सी जोडीत तीन हायड्रोजन बंध, ए-यू जोडीत दोन, आणि आरएनएत सर्रास दिसणारी जी-यू ही तडजोडीची जोडी, तिच्यातही दोन. जोड्यांचा भाग म्हणजे दांडा. वळणावर जोडीविना उरलेले बेस म्हणजे लूप. दोन्ही मिळून हेअरपिन. लूपमध्ये किमान तीन बेस लागतात, कारण त्याहून तीव्र वळण कण्याला घेता येत नाही. दांडा ए-प्रकारच्या मळसूत्रात पिळलेला असतो, एका फेऱ्यात साधारण ११ जोड्या. डीएनएच्या नेहमीच्या बी-प्रकारापेक्षा हे मळसूत्र जाड आणि आखूड. ही ठेवण मुख्यतः रायबोजवरच्या एका जादा हायड्रॉक्सिल गटामुळे येते. हा गट लक्षात ठेवा. नमुना तापवताना तोच आपल्या मुळावर उठतो.

हेअरपिन कशामुळे टिकते असं विचारलं तर बहुतेक जण हायड्रोजन बंधांकडे बोट दाखवतील. ते अर्धवट बरोबर आहे. जोडी सुटली तरी मोकळे झालेले बेस लगेच पाण्याशी हायड्रोजन बंध करतात, त्यामुळे त्या खात्यात निव्वळ नफा फार नसतो. बेस चपटे असतात आणि एकावर एक चवड रचल्यासारखे बसतात. दांड्याचा खरा टिकाऊपणा बहुतांशी या चवडीतून येतो. म्हणूनच दांड्याची ताकद मोजताना सुट्या जोड्या मोजत नाहीत, शेजारी-शेजारी बसलेल्या दोन-दोन जोड्यांचे थर मोजतात.

दोन ओढींची रस्सीखेच

मिटण्याच्या बाजूने एन्थॅल्पी ओढते: चवड रचली, बंध जमले, उष्णता बाहेर पडली. उघडण्याच्या बाजूने एन्ट्रॉपी ओढते: मोकळा धागा असंख्य आकार घेऊ शकतो, मिटलेला मोजकेच. तापमानाचं काम या दुसऱ्या ओढीला वजन देणं. मुक्त ऊर्जा म्हणजे एन्थॅल्पीतून तापमान गुणिले एन्ट्रॉपी वजा केल्यावर उरतं ते. ते उत्तर ऋण असेल तर मिटलेल्यांचं बहुमत, धन असेल तर उघड्यांचं, आणि शून्य जिथे येतं ते वितळण तापमान.

आकडे घालून पाहू. एक साधी छोटी हेअरपिन घ्या, जिची मिटण्याची एन्थॅल्पी उणे ४० किलोकॅलरी प्रति मोल आणि एन्ट्रॉपी उणे १२० कॅलरी प्रति मोल प्रति केल्व्हिन आहे. ४०,००० ला १२० ने भागलं की ३३३ केल्व्हिन, म्हणजे ६० अंश. आता ३७ अंशांना (३१० केल्व्हिन) मुक्त ऊर्जा निघते साधारण उणे २.८ किलोकॅलरी. त्यावरून समतोल स्थिरांक सुमारे ९०: दर ९० मिटलेल्या रेणूंमागे एक उघडा. २० अंशांना हेच प्रमाण जवळजवळ ३,९०० ला एक. ५० अंशांना ८७ टक्के मिटलेले, ७० अंशांना १५ टक्के, ८० अंशांनाही ३ टक्के शिल्लक. ९० टक्के मिटलेल्या अवस्थेपासून १० टक्क्यांपर्यंत उतरायला या हेअरपिनला जवळपास २४ अंशांचा पल्ला लागतो.

हा पल्ला एन्थॅल्पीच्या व्यस्त प्रमाणात असतो. दांडा लांब असेल, एन्थॅल्पी उणे ८० असेल, तर पल्ला निम्मा, म्हणजे १२ अंश. वितळण तापमान आणि वितळण्याचा तीव्रपणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि नुसतं वितळण तापमान सांगितलं तर अर्धीच माहिती हाती येते. लेखाच्या शेवटी जिवाणू याच फरकाचा वापर कसा करतात ते येईल.

आणखी एक. हेअरपिन एकाच रेणूची घडी असल्यामुळे तिचं वितळण तापमान द्रावणातल्या आरएनएच्या प्रमाणावर अवलंबून नसतं. दोन सुट्या धाग्यांच्या जोडीचं मात्र असतं. प्रयोगात हा फरक फार उपयोगी पडतो.

क्रमावरून अंदाज कसा बांधतात

थरांच्या ऊर्जा प्रयोगांनी मोजलेल्या आहेत: ३७ अंश, १ मोलर मीठ. सर्वांत कमकुवत थर ए-यू वर ए-यू, सुमारे उणे ०.९ किलोकॅलरी. सर्वांत दणकट थर जी-सी वर सी-जी, सुमारे उणे ३.४. तुलनेसाठी, ३७ अंशांना उष्णतेच्या धडपडीचं माप म्हणजे ०.६२ किलोकॅलरी प्रति मोल. म्हणजे ए-यू चा थर या धडपडीच्या दीडपट इतकाच मजबूत आहे. अशा थरांनी बनलेलं टोक सतत उसवत का असतं, ते यावरून कळेल. लूपचा मात्र खर्च असतो: ३ ते ९ बेसच्या लूपसाठी साधारण ५.५ ते ६.५ किलोकॅलरी, तेही अधिक चिन्हाने. लूप बांधताना धाग्याचं स्वातंत्र्य जातं, त्याची ही किंमत. आधी हा खड्डा भरून निघाला पाहिजे, तरच दांड्याचा नफा दिसतो. तीन-चार ए-यू जोड्यांची हेअरपिन का टिकत नाही, याचं उत्तर इथेच आहे.

जीजीएसी-यूयूसीजी-जीयूसीसी हा बारा बेसचा प्रसिद्ध तुकडा घ्या. चार जोड्यांचे तीन थर: उणे ३.२६, उणे २.३५, उणे २.२४. बेरीज उणे ७.८५. लूपचे अधिक ५.६ मिळवले की उरतात उणे २.२५. प्रत्यक्षात मोजलेली स्थिरता याच्या दुपटीहून जास्त आहे, आणि १ मोलर मिठात हा इवलासा तुकडा ७० अंशांच्याही वर जाऊन वितळतो. हिशेबात न आलेली स्थिरता लूपमध्ये आहे. यूयूसीजी हा मोकळा लोंबणारा लूप नाही. त्याचा पहिला यू आणि शेवटचा जी एकमेकांशी वेगळ्या धाटणीची जोडी करतात, त्यासाठी जी आपल्या साखरेवर उलटा फिरून बसतो, सी आत वळून कण्यावरच्या फॉस्फेटला धरतो, आणि फक्त दुसरा यू बाहेर पाण्यात हेलकावत राहतो. जीएनआरए या कुळातले चार बेसचे लूपही असेच आतून बांधलेले असतात (एन म्हणजे कोणताही बेस, आर म्हणजे ए किंवा जी). त्यांच्यात शेवटचे तीन बेस एकावर एक चवड करून बसतात. अशा लूपना हिशेबात वेगळी सूट द्यावी लागते, आणि संगणकी कोष्टकांत ती दिलेली असते.

आरएनएफोल्डसारखी सॉफ्टवेअर हीच बेरीज करतात. ती वापरताना दोन गोष्टी विसरल्या जातात. मूळ तापमान ३७ अंश धरलेलं असतं. ते बदललं की सॉफ्टवेअर एन्थॅल्पी आणि एन्ट्रॉपी कायम आहेत असं मानून सरळ रेषेत पुढे जातं. प्रत्यक्षात घडी उलगडताना उष्माधारकता बदलते, म्हणून ३७ पासून जितकं दूर जाल तितका अंदाज घसरतो. दुसरं, मीठ १ मोलर धरलेलं असतं. पेशीत पोटॅशियम साधारण ०.१५ मोलर आणि मोकळं मॅग्नेशियम १ मिलिमोलरच्या आसपास. दांड्यात दोन ऋणभारित कणे एकमेकांजवळ येतात, त्यांची दूर लोटण्याची ओढ धन आयन झाकतात. मीठ कमी केलं की हे झाकण विरळ होतं आणि वितळण तापमान खाली येतं. मॅग्नेशियमचे काही मिलिमोलर सोडियमच्या १ मोलरइतकं काम करतात, एवढा त्याचा जोर.

तापवत नेताना आत काय होतं

थंडीपासून सुरुवात करू. ५ ते १० अंशांना दांडा पूर्ण जुळलेला, टोकाची जोडीही बहुतेक वेळ बंद. लूपमधले बेस जमेल तिथे चवड करून बसलेले.

२५ ते ४० अंशांच्या टापूत दांड्याचं मोकळं टोक उसवू लागतं. टोकाच्या जोडीला एकाच बाजूने शेजार असतो, म्हणून ती आधी सुटते. ती ए-यू असेल तर आणखी लवकर. म्हणून प्रयोगासाठी हेअरपिन बनवताना टोकाला दोन जी-सी जोड्या ठेवण्याची पद्धत आहे. याच टापूत लूपचे सैल बेस चवडीतून बाहेर-आत करू लागतात, आणि त्यांच्या साखरेची ठेवण दोन आकारांत अदलाबदल करते. दांड्यात कुठे फुगवटा असेल, म्हणजे एका बाजूला जादा बेस असतील, तर तो बिजागरीसारखा वागतो. एचआयव्ही विषाणूच्या टार नावाच्या हेअरपिनमध्ये यूसीयू असा तीन बेसचा फुगवटा आहे. त्याच्या वरचा आणि खालचा दांडा एकमेकांशी मोठ्या कोनातून झुलतात. तापमान वाढलं की झुलणं वाढतं, मॅग्नेशियम घातलं की दोन्ही दांडे बरेचसे एका रेषेत येतात.

वितळण तापमानाच्या आसपास दांडा मधूनच तुटण्याऐवजी टोकाकडून झिपसारखा उघडतो. छोट्या हेअरपिनमध्ये अर्धवट उघड्या अवस्था फार काळ टिकत नाहीत, म्हणून 'मिटलेली' आणि 'उघडी' अशा दोनच अवस्था मानून हिशेब चालतो. लांब किंवा फुगवट्यांच्या दांड्यात ही सोय नाही. तिथे वितळण्याचा आलेख दोन-तीन पायऱ्यांत येतो, आणि तो एकाच पायरीत कोंबून काढलेली एन्थॅल्पी चुकीची, नेहमी खऱ्याहून कमी निघते.

वितळल्यावरही धागा नुसता गुंताळा नसतो. शेजारचे बेस, विशेषतः ए, एकेरी धाग्यातही चवड करतात आणि ही चवड हळूहळू, कोणताही ठळक टप्पा न दाखवता विरत जाते. म्हणून आलेखाचा वरचा भाग सपाट न राहता चढता दिसतो.

हालचालींची घड्याळं

रेणूतल्या हालचाली एकाच वेगाच्या नसतात. बंधांची थरथर पिकोसेकंदात. साखरेची ठेवण बदलणं, लूपमधला बेस बाहेर फिरणं, हे नॅनोसेकंदांपासून मायक्रोसेकंदांपर्यंत. लहान हेअरपिन पाण्यात अख्खी कोलांटी घेते ती २५ अंशांना २ ते ३ नॅनोसेकंदांत. दांड्याच्या मधली जोडी मिलिसेकंदांच्या हिशेबाने एकदा उघडते, ए-यू लवकर, जी-सी उशिरा. अख्खी हेअरपिन मिटायला साधारण मायक्रोसेकंद ते काही दहा मायक्रोसेकंद.

तापमान या सगळ्यांना सारखं ढकलत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. कोलांटी पाण्याच्या घट्टपणावर अवलंबून. २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की पाण्याची विष्यंदता निम्म्याहून खाली येते, कोलांटी दुपटीहून वेगवान. वाढ आहे, पण माफक. हेअरपिन मिटण्याचा वेगही तापमानाबरोबर फारसा बदलत नाही. काही वेळा तर उच्च तापमानाला तो कमीच होतो. कारण मिटायला दोन टोकांनी एकमेकांना गाठून पहिल्या दोन-तीन जोड्या जमवाव्या लागतात. अडथळा बराचसा एन्ट्रॉपीचा आहे, आणि गरम पाण्यात त्या पहिल्या जोड्या पुढची जोडी जमायच्या आत सुटूनही जातात. उघडण्याचं मात्र वेगळं. त्यासाठी अख्खी चवड मोडायची, म्हणजे जवळजवळ दांड्याची सगळी एन्थॅल्पी मोजायची. म्हणून उघडण्याचा वेग तापमानाला प्रचंड संवेदनशील.

वरच्याच उदाहरणात, मिटायला सगळीकडे १० मायक्रोसेकंद लागतात असं धरू. मग ६० अंशांना उघडायलाही १० मायक्रोसेकंद. ३७ अंशांना उघडण्यासाठी सरासरी ९०० मायक्रोसेकंद थांबावं लागेल. २० अंशांना सुमारे ३९ मिलिसेकंद. ४० अंशांच्या फरकात मिटणं जागच्या जागी, उघडणं जवळजवळ चार हजार पट मंद. ३७ वरून ४७ अंशांवर गेलं तरी उघडण्याचा वेग साडेसातपट होतो. थोडक्यात, हेअरपिन गरम झाल्यावर 'मिटायला विसरते' असं नाही. ती मिटत राहते, पण टिकत नाही.

हे वेग मोजण्याची जुनी खात्रीची रीत म्हणजे तापमानाचा धक्का. अवरक्त लेझरचा काही नॅनोसेकंदांचा झोत पाण्यात सोडला की छोट्याशा जागेचं तापमान दहा-एक अंशांनी चढतं, आणि रेणू नव्या समतोलाकडे सरकताना दिसतात. इथे नवख्यांची एक चूक ठरलेली असते. धक्क्यानंतर जो वेग दिसतो तो मिटण्याचा नाही आणि उघडण्याचाही नाही, तर दोन्हींची बेरीज. वितळण तापमानाला वरच्या उदाहरणात ५ मायक्रोसेकंद दिसतील, १० नव्हे. समतोल स्थिरांक वेगळा मोजून मगच ही बेरीज फोडता येते. दुसरी रीत लेझरच्या चिमट्याची: एकाच रेणूची दोन टोकं सूक्ष्म मण्यांना बांधून ताणायची. १४-१५ पिकोन्यूटनच्या आसपास हेअरपिन डोळ्यांदेखत उघड-मीट करते. २००१ साली पी५एबी नावाच्या हेअरपिनवर हे दाखवलं गेलं.

वितळण-आलेख घेताना

प्रयोगशाळेत बहुतेकांचा संबंध येतो तो अतिनील शोषणाशी. चवडीत बसलेले बेस २६० नॅनोमीटरचा प्रकाश कमी शोषतात, चवड मोडली की शोषण वाढतं. तापमानाविरुद्ध शोषण मांडलं की इंग्रजी एस सारखा वळणदार आलेख मिळतो. २८० नॅनोमीटरलाही मोजा. जी-सी जोड्यांची फूट तिथे अधिक ठळक दिसते.

आधी बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण. ट्रिस हे नेहमीचं बफर वापरू नका. त्याचं पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतं, म्हणजे २५ ला बनवलेलं बफर ८५ ला जवळपास १.७ ने खाली. सोडियम फॉस्फेट, १० मिलिमोलर, पीएच ६.५ ते ७, बऱ्यापैकी स्थिर राहतं. सोबत ०.१ मिलिमोलर ईडीटीए घाला, म्हणजे भटके धातू बांधले जातील. मॅग्नेशियम असलेला प्रयोग असेल तर ईडीटीए आणि फॉस्फेट दोन्ही टाळून कॅकोडिलेट घ्यावं लागतं. ते आर्सेनिकयुक्त आहे, टाकाऊ वेगळं ठेवा.

मग घडी नीट घालणं. आरएनए मीठ आणि मॅग्नेशियम न घालता ९५ अंशांना दोन-तीन मिनिटं तापवा, थेट बर्फात ठेवा, दहा मिनिटांनी मीठ घाला. झटकन थंड केल्याने धागा स्वतःवरच दुमडतो, कारण स्वतःचं दुसरं टोक शेजारच्या रेणूपेक्षा जवळ असतं. हळूहळू थंड केलं, त्यात आरएनए दाट असलं, तर दोन धागे एकमेकांना गुंततात: दांड्याच्या दुप्पट जोड्या आणि मध्ये लूपांचा विजोड पट्टा. कागदावर हा जुळा रेणू हेअरपिनसारखाच दिसतो. ओळखायची एकच साधी कसोटी आहे. आरएनएचं प्रमाण १ मायक्रोमोलरपासून १०० पर्यंत बदलून चार-पाच आलेख घ्या, दाट नमुन्यांसाठी १ मिलिमीटर रुंदीचा क्यूव्हेट (नमुना ठेवायची पारदर्शक कुपी) वापरा. वितळण तापमान हललं नाही तर हेअरपिन. प्रमाणाबरोबर वर चढलं तर तुम्ही जुळं मोजताय. ही कसोटी कंटाळवाणी म्हणून टाळली जाते, आणि नंतर सगळे आकडे फेकावे लागतात.

शोषण सुरुवातीला ०.२ ते १ च्या दरम्यान असू द्या. द्रावणातली हवा आधी काढा, नाहीतर ५०-६० अंशांच्या पुढे क्यूव्हेटच्या भिंतीवर बुडबुडे बसतात आणि आलेखात उड्या दिसतात. वरून खनिज तेलाचा पातळ थर आणि घट्ट बूच. तापवण्याचा वेग मिनिटाला अर्धा ते एक अंश. शक्य असेल तर तापमानाची काडी बफर भरलेल्या शेजारच्या क्यूव्हेटमध्ये ठेवा, कारण क्यूव्हेट ज्यात बसतो त्या ठोकळ्याचं तापमान आणि द्रावणाचं तापमान नेहमी एक नसतं. तापवून झालं की त्याच वेगाने थंड करत परत मोजा. दोन्ही आलेख एकमेकांवर बसायला हवेत. परतीचा आलेख सरसकट वर असेल तर पाणी उडालंय. वितळण्याचा वळणदार भागच सरकला असेल तर घडी समतोलात पोचत नाही, वेग कमी करा. दुसऱ्या फेरीत चढण लहान झाली तर आरएनए तुटतंय: सुरुवातीला सांगितलेला हायड्रॉक्सिल गट शेजारच्या फॉस्फेटवर चाल करून धागा कापतो, आणि उष्णता, चढं पीएच व मॅग्नेशियम तिन्ही त्याला मदत करतात. मॅग्नेशियमसोबत ९० अंशांना नमुना ताटकळत ठेवणं म्हणजे तो हाताने चिरण्यासारखंच.

आकडे काढताना सर्वांत मोठी चूक पायारेषांत होते. वितळण्याआधीची आणि नंतरची तिरकी रेषा नीट बसवायला दोन्ही बाजूंना किमान १५ अंशांचा मोकळा आलेख लागतो. वितळण तापमान ८० असेल तर वरची पायारेषा मिळतच नाही. अशा वेळी मीठ कमी करून तापमान खाली आणा, किंवा दांड्यातली एक जोडी कमी करा. अंदाजाने रेषा ओढली तर वितळण तापमान एखाद्या अंशाने चुकेल, एन्थॅल्पी मात्र २० टक्क्यांनी सुद्धा.

एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत वाचण्याची पद्धत) वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. जोडीतल्या जी आणि यू च्या इमिनो प्रोटॉनचे, म्हणजे जोडीच्या हायड्रोजन बंधात गुंतलेल्या हायड्रोजनचे, संकेत १० ते १५ पीपीएममध्ये (एनएमआरच्या मोजपट्टीवर) दिसतात, आणि तापमान वाढवत नेलं की एकेक करून मावळतात. मावळणं म्हणजे ती जोडी वितळली असं नव्हे. जोडी क्षणभर उघडली आणि तेवढ्यात प्रोटॉन पाण्याशी अदलाबदल करून गेला, एवढंही पुरतं. त्यामुळे संकेत वितळण तापमानाच्या बरेच अंश आधीच जातात. ही उणीव नाही. कोणती जोडी आधी श्वास घेऊ लागते याचा तो उत्तम नकाशा आहे. फक्त त्यावरून वितळण तापमान वाचू नये.

थंडीत सगळं शांत होत नाही

तापमान उतरवलं की हेअरपिन अधिकाधिक पक्की होत जाईल, हा सरळ रेषेचा हिशेब. थंडीत अडचण वेगळी येते: चुकीच्या घड्याही पक्क्या होतात. ३७ अंशांना दोन-तीन जोड्यांची चुकीची जुळणी लगेच सुटते आणि धागा पुन्हा प्रयत्न करतो. ५ अंशांना तीच जुळणी बराच काळ अडकून राहते. २०२४ साली लेझर चिमट्यांनी केलेल्या मोजमापांत साध्या हेअरपिनही सुमारे २० अंशांच्या खाली तऱ्हेतऱ्हेच्या चुकीच्या घड्यांत शिरताना दिसल्या. त्याच कामात कमाल स्थिरता सुमारे ५ अंशांना आणि त्याखाली, उणे ५० च्या आसपास, थंडीनेच उलगडणं, असं चित्र मांडलं आहे. रायबोज आणि पाणी यांच्यातलं आकर्षण हे त्याचं सुचवलेलं कारण. जिवाणूही थंडीत आरएनए सोडवणारी प्रथिनं जास्त बनवतात. ई. कोलायचं सीएसपीए हे त्यांतलं प्रसिद्ध उदाहरण.

पेशीतला तापमापक

काही जिवाणूंच्या संदेशवाहक आरएनएत रायबोसोम (प्रथिनं बनवणारं पेशीतलं यंत्र) जिथे बसतो ती जागा हेअरपिनच्या दांड्यात दडलेली असते. थंडीत दांडा मिटलेला, प्रथिन नाही. उष्णता वाढली की दांडा सैल होतो, रायबोसोम बसतो. लिस्टेरियात पीआरएफए या जनुकावर असा दांडा आहे: ३० अंशांना रोगकारक जनुकं गप्प, यजमानाच्या ३७ अंशांना जागी. साल्मोनेलाच्या एजीएसए जनुकावर ओळीने चार यू रायबोसोमची जागा झाकून बसतात. सिनेकोसिस्टिस या नीलहरित जिवाणूत तर एकुलत्या छोट्या हेअरपिनवर काम भागतं.

या दांड्यांची रचना पाहिली की पहिल्यांदा त्या गचाळ वाटतात. लांब, पण मध्येच विजोड बेस, फुगवटे, जी-यू जोड्या. इथे सुरुवातीचा हिशेब परत घ्या. उणे ४० एन्थॅल्पीच्या हेअरपिनमध्ये ३० वरून ३७ अंशांवर गेल्यावर उघड्या रेणूंचं मिटलेल्यांशी प्रमाण साडेचारपट होतं. उणे ८० असेल तर वीसपट. सात अंशांत एवढा फरक हवा तर दांडा लांबच लागणार. पण लांब आणि नेटका दांडा ८०-९० अंशांना वितळेल, पेशीच्या काहीच उपयोगाचा नाही. विजोड बेस वितळण तापमान ओढून ४० च्या जवळ आणतात आणि लांबी तीव्रपणा राखते. प्रयोगात विजोड जागी पूर्ण जोडी बसवली की तापमापक ३७ ला बंदच राहतो. आणखी एखादी जोडी मोडली की तो थंडीतही उघडा. रायबोसोमलाही दांडा पूर्ण वितळण्याची वाट पाहावी लागत नाही: टोक उसवण्याच्या एखाद्या क्षणी तो आपली जागा पकडतो, आणि मग दांड्याला परत मिटता येत नाही.